कॅमेरा डोलतो, कंबर धरते: व्हेस्ट-आर्म रिगचा तोल कुठून लावायचा

प्रश्न थोडक्यात असा: लग्नं आणि छोट्या जाहिराती शूट करणाऱ्या एका व्हिडिओग्राफरने मोटरवालं जिंबल (कॅमेरा मोटरने सरळ धरणारं हँडल) बाजूला ठेवून व्हेस्ट आणि आर्म असलेलं, म्हणजे अंगातल्या जाकिटाला स्प्रिंगचा हात आणि त्यावर कॅमेरा असं, स्टेडीकॅमसारखं सेकंडहँड रिग घेतलंय. कॅमेरा सोनी एफएक्स३, त्यावर २४-७० मिमी झूम लेन्स, खाली व्ही-माउंट बॅटरी आणि सात इंची मॉनिटर. तक्रारी तीन आहेत. नुसतं उभं राहिलं तरी फ्रेम डावीकडे कलते, चालून थांबलं की कॅमेरा डोलत राहतो, आणि वीस मिनिटांत कंबर धरते. आर्मच्या स्प्रिंग बदलाव्यात का, की रिगच खराब निघालं?

स्प्रिंगना अजून हात लावू नका. तुमच्या तीन तक्रारी तीन वेगळ्या जागांच्या आहेत. कलणं हा स्लेडच्या, म्हणजे वर कॅमेरा आणि खाली बॅटरी-मॉनिटर असलेल्या उभ्या दांड्याच्या, तोलाचा दोष आहे. डोलण्याचं कारण जिंबल (इथे मोटरवालं नव्हे, दांडा ज्यात मोकळा फिरतो तो बेअरिंगचा सांधा) दांड्यावर किती उंचीला आवळलंय यात सापडेल. कंबर धरते ती व्हेस्ट आणि सॉकेट ब्लॉकमुळे (आर्म व्हेस्टला जोडणारा सांधा). नवा माणूस नेहमी एका जागेचा दोष दुसऱ्या जागी निस्तरायला जातो. स्लेड कलतोय म्हणून डाव्या हाताने दाबून धरतो, मग हात कापतो, मग आर्म घट्ट करतो आणि शेवटी ‘रिगच बेकार’ म्हणून मोकळा होतो. जिथला दोष तिथेच काढायचा. म्हणून क्रमही ठरलेला आहे: आधी स्टँडवर स्लेड, मग आर्म, मग व्हेस्ट, आणि सगळ्यात शेवटी तुमचे हात.

तोल लावायच्या आधी कॅमेरा शूटला निघतो तसा पूर्ण सजवा. बॅटरी आणि कार्ड आत, एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) लावलेला, लेन्सची टोपी काढलेली, गळ्यातला पट्टा सोडवलेला. एफएक्स३चा स्क्रीन बाजूला उघडतो. तो उघडा ठेवून शूट करणार असाल तर तोलही उघड्या स्क्रीनवरच लावा, कारण एवढ्या हलक्या कॅमेऱ्याला तेवढा फरक पुरतो. मॉनिटरची एचडीएमआय केबल जाड आणि ताठ असेल तर ती स्प्रिंगचं काम करते आणि दांडा हळूच एका बाजूला ओढत राहते. पातळ, मऊ केबल घ्या, दांड्याला चिकटवून खाली आणा, आणि जिंबलच्या फिरत्या भागाला ती कुठे घासत नाही ना ते पाहा.

आता तुमची २४-७०. झूम केला की तिचा नळा पुढे सरकतो आणि गुरुत्वमध्यही पुढे जातो. म्हणजे २४वर लावलेला तोल ७०वर उरत नाही. या लेन्सवरच काम करायचं असेल तर एक फोकल लेंग्थ ठरवा, २४ किंवा ३५, आणि झूमच्या रिंगला टेप मारून टाका. तसंही या रिगवर ५०च्या पुढे जाऊन पहिल्या काही महिन्यांत हाताला काही लागणार नाही. झूम करताना जिची लांबी बदलत नाही अशी वाइड लेन्स किंवा एखादी प्राइम (झूम नसलेली लेन्स) मिळाली तर जास्त बरं. वाइड लेन्सवर बॉडीतलं स्टॅबिलायझेशन बंद ठेवून एकदा टेस्ट घ्या. चालताना फ्रेमचे कोपरे लुळे पडल्यासारखे वाटत असतील तर दोष बहुतेक वेळा तिथेच असतो, रिगमध्ये नाही.

स्टँडकडे जाण्याआधी कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य शोधा. टेबलावर एक गोल पेन्सिल ठेवा, तिच्यावर लेन्ससकट कॅमेरा मागे-पुढे सरकवा, आणि जिथे तो दोन्हीकडे सारखा टेकू पाहतो तिथे बॉडीच्या बाजूला पांढऱ्या टेपची पट्टी मारा. एफएक्स३ बॅटरी आणि कार्डासकट साधारण ७१५ ग्रॅमचा आहे, लेन्सचं वजनही त्याच्या आसपास. त्यामुळे ही खूण बहुतेक लेन्सच्या माउंटच्या आसपासच येईल. आडव्या दिशेचा मध्यही असाच काढा.

स्टँड जड हवा. सी-स्टँड (लाइट लावायचा भक्कम स्टँड) असेल तर पायावर सँडबॅग टाका, आणि खोलीतला पंखा बंद करा. पंख्याच्या वाऱ्यात कोणी तोल लावत बसलं तर संध्याकाळ होते. स्लेड स्टँडवर टांगा आणि कॅमेरा प्लेटवर असा बसवा की टेपची खूण दांड्याच्या मध्यरेषेच्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मागे येईल. बरोबर वर का नाही, ते पुढे सांगतो. मॉनिटर पुढे, बॅटरी मागे, दोन्ही दांड्याच्या सरळ रेषेत.

आधी डावं-उजवं. इथे बहुतेक जण बबलकडे, म्हणजे लेव्हलच्या बुडबुड्याकडे, बघतात. बबल प्लेटवर असेल तर तो प्लेट सपाट आहे का एवढंच सांगतो, दांडा उभा आहे का ते नाही. दांडा ओळंब्यात हवा. दोरीला एक नट बांधून शेजारी टांगा, किंवा मागच्या दाराच्या चौकटीशी ताडून पाहा. डावीकडे कलत असेल तर कॅमेऱ्याची प्लेट उजवीकडे सरकवा, एका वेळी मिलिमीटरभर. बॅटरी तिरकी करून ही दुरुस्ती करू नका. तात्पुरतं जमल्यासारखं वाटतं आणि फिरवताना सगळं अंगावर येतं. दांडा ओळंब्यात आहे आणि तरी चित्रातली क्षितिजरेषा वाकडी दिसते, तर कॅमेरा प्लेटवरच वाकडा बसलाय. स्क्रू सोडून नीट बसवा.

तुमची फ्रेम डावीकडे कलते ती स्टँडवरही कलते का, की फक्त अंगावर घेतल्यावर, हे मात्र तुम्ही सांगितलेलं नाही. स्टँडवर कलत असेल तर वरचा उपाय. स्टँडवर सरळ आणि अंगावर वाकडी असेल तर चालू शॉटमध्ये डावा हात क्षणभर सोडून बघा. हात सोडल्यावर फ्रेम सरळ झाली तर तुम्हीच तिला ओढताय.

सेकंडहँड रिगची आणखी एक चाचणी आहे. तोल लागला की दांडा बोटाने जरासा ढकला आणि सोडा. तो दर वेळी एकाच जागी येऊन थांबला पाहिजे. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर बेअरिंग अडतंय. त्यावर तेलाचा स्प्रे मारू नका. तेल धूळ धरतं आणि महिन्याभरात परिस्थिती आणखी बिघडते. बेअरिंग बदलून घ्या. स्वस्त रिगमध्येही हा एकच सुटा भाग असा आहे की ज्यावर पैसे खर्च करायला कचरू नये.

मग पुढचं-मागचं. इथे बॅटरी सरकवायची, कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. लेन्स खाली बघत असेल तर बॅटरी मागे, वर बघत असेल तर बॅटरी दांड्याकडे.

यानंतर तुमच्या डोलण्याचा प्रश्न. स्लेडचा एकूण गुरुत्वमध्य जिंबलच्या किंचित खाली असतो, म्हणूनच तो उभा राहतो. तो किती खाली आहे हे ड्रॉप टाइमवरून कळतं. दांडा हाताने आडवा करा, जमिनीला समांतर, आणि सोडा. उभ्या रेषेतून जाईपर्यंत किती वेळ लागतो ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. कॅमेरा पलीकडे जाऊन स्टँडवर आपटू नये म्हणून दुसरा हात तयार ठेवा. दोन ते तीन सेकंद ठीक. तुमचा एका सेकंदात धाडकन खाली येत असणार, असं तुमच्या वर्णनावरून मला वाटतं. जिंबल दांड्यावर खाली सरकवलं की वेळ वाढतो, वर सरकवलं की कमी होतो. दोन-तीन मिलिमीटरलाही फरक जाणवतो, म्हणून क्लॅम्प सोडण्याआधी दांड्यावर मार्करने रेघ मारून ठेवा.

डोलण्याचं गणित साधं आहे. तुम्ही ढकलता ते जिंबलला, आणि वजन असतं जिंबलखाली. पुढे निघालात की खालचं वजन मागे रेंगाळतं, त्यामुळे वरचा कॅमेरा पुढे झुकतो आणि खाली बघू लागतो. थांबलात की ते वजन पुढे जातं आणि कॅमेरा वर बघतो. वळणावर ते बाहेर फेकलं जातं आणि क्षितिज तिरकं होतं. वजन जिंबलपासून जितकं खाली तितकं हे जास्त. नवीन माणसाला खाली जड असलेलं रिग सुरक्षित वाटतं, कारण उभ्याने ते छान सरळ राहतं. पण शॉट चालताना घ्यायचा असतो. दोन सेकंदांपासून सुरू करा, हात बसला की अडीच-तीनकडे जा. साडेतीन-चारवर कॅमेरा सोडाल तिथे थांबतो, पण क्षितिज सतत बोटांनी सांभाळावं लागतं. तो नाद सध्या नको.

आता फिरवून तोल. स्टँडवरचा स्लेड जिंबलच्या लगत दोन बोटांत धरून दांड्याभोवती फिरवा, सेकंदाला एखादी फेरी, त्याहून जोरात नको. दांडा उभाच फिरला तर उत्तम. तोल गेलेल्या सिलिंग फॅनसारखा हेलकावत फिरला तर स्थिर तोल (न फिरवता लावलेला) बरोबर असूनही काम अर्धंच झालंय. झपकन पॅन केल्यावर, म्हणजे कॅमेरा बाजूला वळवल्यावर, क्षितिज लडबडतं ते याच कारणाने.

कारण ऐका, म्हणजे अंदाजपंचे सरकवत बसावं लागणार नाही. मॉनिटर आणि बॅटरी एकाच उंचीवर असत्या तर कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य नेमका दांड्याच्या वर आणला की काम झालं असतं. पण मॉनिटर दिसावा म्हणून आपण तो बॅटरीपेक्षा वर घेतो. फिरताना प्रत्येक वजन बाहेर ओढतं, आणि ते कोणत्या उंचीवरून ओढतं यावर दांडा कुठे झुकेल ते ठरतं. वर घेतलेल्या मॉनिटरची ही ओढ भरून काढायला कॅमेरा थोडा मागे, बॅटरीच्या बाजूला, न्यावा लागतो. तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर याच्यासाठी. मॉनिटर आणखी वर घेतलात तर कॅमेरा आणखी मागे आणि बॅटरी आत.

प्रत्यक्षात असं करा: कॅमेरा दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या, बॅटरी दांड्याकडे सरकवून स्थिर तोल परत आणा, फिरवा. सुधारलं तर त्याच दिशेने पुढे जा. बिघडलं तर उलट, कॅमेरा पुढे आणि बॅटरी बाहेर. चार-पाच फेऱ्यांत बसतं. बसलं की कॅमेरा प्लेट, बॅटरी, मॉनिटर, जिंबल या सगळ्यांच्या जागा मार्करने खुणावून फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी तेच कॉम्बिनेशन असेल तर दहा मिनिटांत उभे राहाल.

वजनाबद्दल एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. हलका कॅमेरा या रिगवर सोपा नसतो, अवघड असतो. गॅरेट ब्राउन यांनी १९७०च्या दशकात स्टेडीकॅम घडवला तो कॅमेरा, बॅटरी आणि मॉनिटर एकमेकांपासून दूर पसरवूनच. त्यामुळे गुरुत्वमध्य कॅमेऱ्याच्या पोटातून बाहेर येतो, हात पोचेल अशा जागी, आणि पसरलेलं वजन सहजासहजी वळत नाही. अंतर दुप्पट केलं की वळायचा विरोध चौपट होतो. लेन्ससकट दीड किलोच्या कॅमेऱ्यात हा विरोध फारच थोडा, म्हणून बोटाचा कंपही फ्रेममध्ये येतो. कॅमेऱ्याखाली अर्धा-एक किलोची स्टीलची प्लेट लावा, दांडा थोडा लांब करा, मग सगळा तोल पुन्हा पहिल्यापासून लावा. मात्र आर्म किती वजन पेलतो ते आधी बघा आणि त्या आकड्याच्या काठावर जाऊ नका. फक्त कॅमेऱ्याचं नव्हे, बॅटरी-मॉनिटरसकट अख्ख्या स्लेडचं वजन धरायचं. घरच्या वजनकाट्यावर रिग हातात घेऊन उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा.

आर्म म्हणजे दोन भाग, दोन्हींत स्प्रिंग. स्लेड लावल्यावर दोन्ही भाग साधारण आडवे, टोकाकडे किंचित चढते राहिले पाहिजेत, आणि दोन्हींचा कोन सारखा. व्हेस्टकडच्या भागावर पुढच्या भागाचंही वजन येतं, त्यामुळे त्याला ताण थोडा जास्त लागतो. एकच भाग वर तरंगतोय आणि दुसरा लोंबतोय, तर पावलांचा धक्का निम्माच शोषला जाईल. मोटरवालं जिंबल कलणं, वळणं, फिरणं सांभाळतं, पण पावलागणिक होणारं वरखाली त्याच्या हाती नसतं. ते काम आर्मचं. म्हणून हा भाग घाईत उरकू नका. स्वस्त आर्मचा ताण बदलणारा बोल्ट भार असताना फिरवला तर आटे जातात. आधी तो भाग हाताने उचलून मोकळा करा, मग अ‍ॅलन की लावा. आणि स्लेड काढताना आर्म एका हाताने घट्ट धरा. वजन गेलं की तो उसळतो आणि हनुवटीच त्याच्या वाटेत असते.

कंबरेकडे येतो. व्हेस्ट उभ्याने, पोटभर श्वास घेऊन बांधा. कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नाही. वजन तिथून पायात उतरायला हवं. तो सगळ्यात घट्ट. छातीचा त्याखालोखाल. खांद्यांचे पॅड नुसते टेकलेले, बोट आत जाईल एवढे. खांदे दुखत असतील तर व्हेस्टची उंची तुमच्या धडाला आखूड आहे, ती वाढवा. ढिल्या व्हेस्टमध्ये वजन पुढे ओढतं, तुम्ही ते मागे वाकून भरून काढता, आणि वीस मिनिटांत कंबर बोलते. बहुतेक तुमचं हेच चाललंय.

राहिलेलं निम्मं दुखणं सॉकेट ब्लॉकमध्ये आहे. आर्म व्हेस्टला जिथे जोडला जातो तिथे दोन स्क्रू असतात. एक आर्मची खुंटी पुढे-मागे कलवतो, दुसरा डावी-उजवीकडे. नेहमीच्या मांडणीत आर्म व्हेस्टच्या उजव्या बाजूला आणि स्लेड तुमच्या डाव्या कुशीला. रिग घालून सरळ उभे राहा, गुडघे जरा सैल, आणि दोन्ही हात सोडा. कोणीतरी समोर उभं असू द्या. स्लेड पुढे पळत असेल तर खुंटीचं वरचं टोक तुमच्याकडे आणा, डावीकडे पळत असेल तर उजवीकडे. एका वेळी पाव फेरी. स्लेड अंगाजवळ आपोआप तरंगत राहिला की झालं. मग मागे वाकण्याचं कारणच उरत नाही. किती आटे बाहेर दिसतात ते मोजून लिहून ठेवा, कारण असिस्टंटने घातलं की त्याच्या अंगाला वेगळं लागणार. आणि मणक्याचा जुना त्रास असेल तर हे सगळं सुरू करण्याआधी डॉक्टरांना रिगचं वजन सांगून विचारा.

हातांचं काम आता थोडंच उरतं. उजवा हात जिंबलच्या मुठीवर, तो रिगला वर-खाली आणि जवळ-दूर नेतो. डावा हात जिंबलखाली दांड्यावर, अंगठा आणि दोन बोटं, पानाचा विडा सुटू नये एवढीच पकड, मूठ नाही. भिंतीवर टेपची फुली मारा, दहा-बारा फुटांवरून तिच्याकडे चालत जा आणि उलट्या पावलांनी परत या. फुली मॉनिटरच्या मधोमध आणि क्षितिज सरळ. सुरुवात आणि थांबणं यांवर लक्ष ठेवा, मधलं चालणं आपोआप सुधारतं. थांबायच्या दोन पावलं आधी वेग कमी करायची सवय लागली की उरलंसुरलं डोलणंही जातं.

लग्नात हे रिग वरात, मांडवातला प्रवेश आणि फेरफटक्याचे शॉट यांच्यासाठी काढा. विधींना ट्रायपॉडच लावा. सप्तपदीच्या वेळी होमाभोवती नातेवाइकांच्या गराड्यात एवढं पसरलेलं यंत्र घेऊन शिरलात तर कोणाच्या तरी डोक्याला बॅटरी लागेल. ढोल-ताशासमोर उलटं चालायचं असेल तर पाठीमागे असिस्टंट हवाच, त्याचा हात तुमच्या व्हेस्टवर. लॉनवरच्या लग्नात वारा असेल तर जिंबल दोन-तीन मिलिमीटर वर घेऊन ड्रॉप टाइम थोडा कमी करा, मॉनिटरची सनहूड काढून टाका, आणि वाऱ्याच्या बाजूला कोणाला तरी मोठी छत्री धरून चालायला सांगा.